झाकणपाळीची जिल्द : इस्लामी हस्तलिखितांची बांधणी शिकायची कशी आणि जपायची कशी

जुने अरबी किंवा फारसी हस्तलिखित पहिल्यांदा हाताळणाऱ्या बायंडरला ते अर्धवट राहिल्यासारखे वाटते. पुठ्ठे पानांच्या कडेशी अगदी बरोबरीने कापलेले, कुठेही बाहेर आलेले नाहीत. कणा सपाट, त्यावर दोऱ्यांचे उंचवटे नाहीत. शिलाई बारीक रेशमाची आणि तीही दोनच ठिकाणी. शिवाय मागच्या पुठ्ठ्याला जोडलेली एक टोकदार पाळी पुढे येऊन वरच्या पुठ्ठ्याखाली शिरते. एकोणिसाव्या शतकात आणि नंतरही, युरोपीय पद्धतीत तयार झालेल्या अनेक हातांनी हे सगळे ‘सुधारले’. कणा ठोकून गोल केला, दोरीसाठी करवतीने खाचा पाडल्या, पाळी कापून टाकली, कडा छाटताना समासातल्या टिपा अर्ध्या केल्या. हेतू चांगला होता, पण ग्रंथ उघडेनासे झाले.

म्हणून माझे मत पक्के आहे : दुरुस्ती शिकायची असेल तर आधी अशी एक जिल्द कोऱ्या कागदावर पूर्ण बांधा. प्रत्येक भाग का पातळ आहे हे बांधताना हाताला कळते. मग जुना ग्रंथ समोर आला की कुठे हात लावायचा नाही हे सांगावे लागत नाही.

रचना आणि दिशा

या कलेवर जुन्या काळी लिहिलेले ग्रंथ उपलब्ध आहेत. उत्तर आफ्रिकेतल्या झिरी घराण्यातील इब्न बादिसच्या नावावर असलेला अकराव्या शतकातला ग्रंथ शाई, कागद आणि जिल्दबांधणी यांची माहिती देतो. अंदलुसियातल्या (मुस्लिम राजवटीतल्या स्पेनमधल्या) बक्र अल-इशबिलीने बांधणीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि मोरोक्कोच्या अल-सुफयानीने 1619 साली. यांतली अवजारे बघितली की बरे वाटते : संगमरवरी फरशी, सुरी, आरी, कात्री, दाब. आजही तेवढ्यात काम होते.

दिशेची सवय आधी करून घ्या. ग्रंथ समोर ठेवला की कणा उजवीकडे येतो आणि पाने डावीकडून उजवीकडे उलटतात. पाळी खालच्या, म्हणजे मागच्या पुठ्ठ्याला जोडलेली असते. तिचे दोन भाग असतात. पहिला भाग पानांच्या मोकळ्या कडेला झाकणारी उभी पट्टी, जाडीने ग्रंथाएवढी. तिला जोडलेला दुसरा भाग पंचकोनी, टोकदार. तोच वरच्या पुठ्ठ्याखाली जातो. तुर्की बांधणारे पट्टीला सरताब आणि पंचकोनाला मिकलेब म्हणतात. मराठी पुस्तकाच्या सवयीने पाळी भलत्या पुठ्ठ्याला लागायला वेळ लागत नाही, तेव्हा पुठ्ठ्यांवर पेन्सिलीने ‘वरचा’, ‘खालचा’ लिहूनच कामाला लागा.

सामान

कागद हातबनावटीचा, मध्यम जाडीचा घ्या. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याला हातकागदाची जुनी परंपरा आहे. तसा कागद मिळाला तर उत्तम. यंत्राचा कागद असेल तर त्याच्या तंतूंची दिशा कण्याला समांतर हवी. जुन्या काळी लिहिण्याआधी कागदाला स्टार्चची पातळ खळ किंवा अंड्याचा पांढरा बलक लावत, त्याला आहार म्हणत, आणि वाळल्यावर अकीकाच्या दगडाने घोटत. त्यानेच पान गुळगुळीत होते, शाई वरच राहते आणि चुकलेले अक्षर पुसता येते. पहिल्या जिल्दीला याची गरज नाही, पण दोन-चार पाने तरी घोटून बघा. जुन्या पानावर पाण्याचा थेंब पडला की तिथली झिलई का उडते, हे त्याशिवाय समजत नाही.

खळ गव्हाच्या स्टार्चची. कुरडयांसाठी आपण गहू भिजवून जो चीक काढतो तोच हा पदार्थ. फक्त इथे गहू आंबू द्यायचा नाही, पाणी रोज बदलायचे, चीक स्वच्छ होईपर्यंत धुवायचा आणि शिजवताना मीठ-हिंग अर्थातच नाही. एक भाग स्टार्चला चार-पाच भाग पाणी, मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे सतत ढवळत शिजवा. थंड झाल्यावर बारीक गाळणीतून दोनदा घासून काढा. ती लोण्यासारखी सरसरीत व्हायला हवी. आपल्याकडचे बरेच बायंडर किडे लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद टाकतात. इथे ते अजिबात नको, तांबे कागदाला जाळते. त्यापेक्षा लागेल तेवढीच खळ करा. फेव्हिकॉल कपाटात राहू द्या. एकदा वाळला की तो सहजी परत सुटत नाही आणि या पद्धतीचा सगळा भर परत सुटण्यावर आहे.

कातडे बकऱ्याचे, झाडाच्या सालीने किंवा हिरड्याने कमावलेले, साधारण एक मिमी जाड. बाजारात बहुतेक माल क्रोमने कमावलेला असतो, धारावीतही. ओळखायची सोपी खूण : कापलेली कड बघा. क्रोमच्या कातड्याच्या मध्यभागी निळसर-राखाडी रेघ दिसते. सालीने कमावलेले आत तपकिरी असते आणि त्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो पटकन मुरून डाग गडद होतो. ठसा उठतो तो याच कातड्यावर. तमिळनाडूत असे कातडे अजून कमावले जाते. कातडे तासायला चांभाराची रापी आणि गुळगुळीत फरशी यांना तोड नाही.

आणखी एक गोष्ट, जी परदेशी साहित्ययादीत नसते. ग्रंथ कुराण असेल, किंवा कोणत्याही मुस्लिम घराण्याचा असेल, तर साहित्य कशाचे आहे ते तपासा. खळीचे स्वस्त ब्रश बहुतेकदा डुकराच्या केसांचे असतात आणि जिलेटिनही डुकराचे असू शकते. बकरीच्या केसांचा किंवा नायलॉनचा ब्रश आणि जिलेटिनऐवजी मिथिल सेल्युलोज (सेल्युलोजपासून केलेला चिकट पदार्थ) वापरा. सरावाच्या टेबलावरही हाच नियम ठेवा, म्हणजे कोणी विचारले तर उत्तर सरळ देता येते.

शिलाई

पाच ताव एकात एक घालून दुमडले की दहा पानांचा एक जुज होतो. अरबी ग्रंथांत हीच संख्या वारंवार दिसते. इराणी आणि आपल्याकडच्या ग्रंथांत चार तावांचे जुजही भरपूर. सरावासाठी 20 × 13 सेंमीचे बारा जुज करा. मूळ ग्रंथात उजव्या बाजूच्या पानाखाली पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहिलेला असतो आणि त्यावरूनच क्रम लावत. तुम्हीही पेन्सिलीने तसे लिहा.

प्रत्येक जुजाच्या घडीत दोनच छिद्रे, उंचीचे तीन भाग पाडून त्या खुणांच्या आसपास. करवत नको, सुईने आतून टोचा. दोरा बारीक रेशमी. पहिल्या जुजात बाहेरून शिरा, आतून चालत दुसऱ्या छिद्रातून बाहेर या. वर दुसरा जुज ठेवा, त्याच छिद्राने आत जाऊन पहिल्या बाजूला बाहेर या आणि मोकळ्या टोकाला गाठ मारा. तिसऱ्या जुजापासून साखळी सुरू होते : बाहेर आलेली सुई खालच्या दोन जुजांना जोडणाऱ्या टाक्याच्या मागून फिरवायची आणि मग वरच्या जुजात शिरायचे. बस, शेवटपर्यंत एवढेच. दोरा घडीच्या दिशेने ओढा. आडवा ओढला तर कागद फाटतो. जाड दोरा घ्यायचा मोह होईल, पण प्रत्येक जुजात त्याची जाडी साठत जाते, कणा फुगतो, आणि फुगलेल्या कण्यावर सपाट जिल्द बसत नाही.

शिवलेला गठ्ठा सरळ करून, दोन फळ्यांमध्ये हलका दाबून कण्याला पातळ खळ द्या. त्यावर पातळ सुती मलमल चिकटवा. ती दोन्ही बाजूंनी अडीच-तीन सेंमी जास्त हवी. कणा ठोकायचा नाही, गोल करायचा नाही. वजनाखाली रात्रभर वाळू द्या.

शिराजा

कण्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाला दिसणारी दोनरंगी नक्षीची पट्टी म्हणजे शिराजा. आजच्या पुस्तकात ती तयार फीत असते आणि नुसती डकवलेली असते. इथे मात्र ती शिलाईचाच भाग आहे. दोन टाक्यांची हलकी साखळी आणि तिला दोन्ही टोकांना आवळून धरणारा शिराजा, या जोडीवर ग्रंथ उभा असतो. त्यामुळे सगळा वेळ इथे घाला.

चार मिमी रुंदीची पातळ चामड्याची पट्टी कण्याच्या टोकाशी, पानांच्या वरच्या कडेवर ठेवा. पहिल्या जुजाच्या मधल्या घडीतून, कडेच्या साधारण एक सेंमी खाली, सुई कण्यातून मलमलीसह बाहेर काढा. दोरा वर आणून पट्टीवरून पुढे घ्या आणि पुढच्या जुजाच्या घडीत उतरवा. असे शेवटच्या जुजापर्यंत. आता पट्टीवर बारा-तेरा समांतर दोरे दिसतील. हे तुमचे ताणे. ते एकसारखे ताणलेले हवेत. एखादा ढिला राहिला तर नक्षी तिथेच वाकते आणि नंतर काही करून ती लपत नाही.

मग दोन सुया, दोन रंग. लाल आणि पिवळा डोळ्यांना सोपे. पहिल्या ताण्याच्या वरून लाल, खालून पिवळा. दोन ताण्यांच्या मध्ये दोन्ही दोऱ्यांना एक पीळ, म्हणजे दुसऱ्या ताण्यावर पिवळा वर येतो. ओळ संपली की परत फिरा, पण या वेळी पीळ उलट दिशेने. पहिल्या ओळीतले तिरपे टाके आणि दुसऱ्या ओळीतले उलटे तिरपे टाके भेटले की माशाच्या काट्यासारखी टोकदार नक्षी उमटते. पीळ एकाच दिशेने राहिला तर नुसत्या तिरक्या रेघा दिसतात. तसे झाले तर तेवढीच ओळ उसवा. प्रत्येक ओळ सुईच्या बोथट टोकाने खाली दाबत जा. पट्टी झाकली गेली की टोके मागे नेऊन कण्यावर चिकटवा.

पुठ्ठे, कातडे, पाळी

पुठ्ठा विकत आणू नका. हातकागदाचे सहा-आठ थर खळीने एकमेकांवर चिकटवा, दोन्ही बाजूंना शोषक कागद घाला आणि दाबाखाली ठेवा. शोषक कागद रोज बदला. आठवड्याने तो कडक आणि सपाट होतो. चार तुकडे लागतील : वरचा, खालचा, पट्टीचा आणि पंचकोनाचा. कण्याला पुठ्ठा नाही. पुठ्ठे पानांच्या बरोबरीने कापा. पंचकोनाचे टोक वरच्या पुठ्ठ्याच्या मध्याच्या अलीकडे थांबू द्या. खालचा पुठ्ठा, पट्टी आणि पंचकोन यांच्यामध्ये चारेक मिमी जागा सोडा. तिथे कातडे वळणार आहे. आधी साध्या कागदाची पाळी करून ग्रंथाभोवती गुंडाळून बघा, मगच पुठ्ठ्याला पाते लावा.

मलमलीची बाहेर राहिलेली टोके पुठ्ठ्यांच्या आतून चिकटवा. कातड्यासाठी जुन्या बांधणाऱ्यांची एक सोय नवशिक्याला फार उपयोगी पडते : कातडे दोन तुकड्यांत घ्यायचे. एक वरच्या पुठ्ठ्याचा, एक खालच्या पुठ्ठ्याचा पाळीसकट, आणि दोन्ही कण्यावर एकमेकांवर येतात. लहान कातड्यात काम भागते आणि सगळे एकदम सांभाळावे लागत नाही. जिथे कडा एकमेकांवर येतात तिथे रापीने कागदाइतके पातळ करा. बोट फिरवले तर जोड जाणवू नये. दुमडायच्या कडाही तशाच. खळ दोनदा लावा. पहिली कातडे पिऊन टाकते, दुसरीने चिकटते. कण्यावर कातडे थेट बसवा, मध्ये पोकळी ठेवू नका. टोकाला ते शिराजाच्या मागे दुमडा.

ओल्या कातड्याला लोखंड लागू देऊ नका. सालीतल्या टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली की क्षणात निळा-काळा डाग उठतो आणि तो जात नाही. गंजकी कात्री, पिना, चिमटे टेबलावरून उचलूनच ठेवा.

नक्षी पहिल्या जिल्दीत साधी असू द्या. कातडे किंचित ओलसर असताना हाडाच्या पट्टीने कडेला दुहेरी रेघ ओढा. मधल्या बदामाच्या आकाराच्या नक्षीसाठी पुठ्ठ्याच्या वरच्या थरात तोच आकार आधीच कोरून काढायचा, म्हणजे कातडे खळग्यात बसते आणि ठशाची नक्षी घासली जात नाही. पंधराव्या शतकात हेरातमध्ये (आजच्या अफगाणिस्तानात) जिल्दीच्या आतल्या बाजूला चामड्याची जाळी कापून रंगीत पार्श्वभूमीवर बसवत. ते चित्रातच बघून समाधान माना. तिथे पोहोचायला वर्षे लागतात. आतून अबरीचा, म्हणजे रंगांच्या लाटांची नक्षी उमटवलेला, कागद लावला तरी जिल्द देखणी होते, आणि अबरी दख्खनलाही परकी नाही. सतराव्या शतकात विजापूरकडे त्यावर अप्रतिम काम झाले आहे. पाळीच्या वळणांवर मात्र आतून पातळ कातडेच लावा, कागद तिथे चिरतो.

जुना ग्रंथ समोर आल्यावर

पहिला दिवस फक्त बघण्याचा आणि नोंदींचा. सर्व बाजूंनी फोटो, मोजमाप, जुजांची संख्या, शिलाईची छिद्रे. रिकामी छिद्रे दिसली तर ग्रंथ पूर्वी कधीतरी पुन्हा शिवला गेला आहे. पाळी नसेल तर खालच्या पुठ्ठ्याची मोकळी कड भिंगाखाली बघा : फाटलेले कातडे असेल तर पाळी होती; कड नीट दुमडलेली असेल तर कदाचित नव्हतीच. घड्यांतून निघणारे दोऱ्याचे तुकडे, वाळलेली पाने, कागदाच्या खुणा वेगवेगळ्या पाकिटांत पान क्रमांकासह ठेवा. पहिल्या किंवा शेवटच्या पानावर ‘या कबीकज’ लिहिलेले सापडेल. किड्यांनी ग्रंथ सोडावा म्हणून घातलेली ही साद आहे, आणि गंमत अशी की ती लिहिलेल्या पानांनाही कसर लागलेली असते.

मग धोके तपासा. काजळीची शाई आणि लाल शाई पाण्याने पसरू शकते; ओलसर कापसाच्या टोकाने कोपऱ्यातल्या एका ठिपक्यावर चाचणी घेतल्याशिवाय ओलावा आणू नका. पिवळा रंग हरताळाचा असू शकतो, म्हणजे आर्सेनिक. जुन्या कपाटांत डीडीटीची भुकटीही निघते. हातमोजे आणि मास्क घाला. मजकुराभोवतीची हिरवी चौकट सर्वांत दगाबाज. तो जंगाल, तांब्याचा गंज. त्याने कागद आतून जळतो आणि एक दिवस मजकुराचा चौकोन खिडकीसारखा समासातून गळून पडतो. तिथे पाण्याची खळ लावली की तांबे आणखी पसरते. पातळ जपानी कागदावर मिथिल सेल्युलोज आधीच वाळवून ठेवायचे आणि जेमतेम दमटपणाने ती पट्टी बसवायची. हे काम अनुभवी माणसाच्या देखरेखीशिवाय करू नका.

साध्या फाटीला जपानी कोझो कागद पुरतो. पट्टी कापू नका, पाण्याची रेघ ओढून फाडा; तिचे तंतू मोकळे राहिले तर जोड दिसत नाही आणि पान तिथे ताठरही होत नाही. कण्याचे जुने कापड निघून येत असेल तर तेच परत बसवा. शिराजा उसवला असेल तर सुटे टोक बारीक रेशमाने धरून ठेवा. नवा विणायचा मोह टाळा. हरवलेल्या कातड्याच्या जागी नवे कातडे घालण्यापेक्षा रंगवलेला जाड जपानी कागद बरा : तो पातळ असतो, ओढत नाही, आणि पुढच्या माणसाला कुठली भर नवी आहे ते कळते. कातड्याचा लाल भुगा हाताला लागत असेल तर तेल, व्हॅसलिन, खोबरेल यांपैकी काहीही चोळू नका. अल्कोहोलमध्ये विरघळवलेले हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज, साधारण 2 टक्के, ब्रशने हलके द्यायचे.

किडे जिवंत असतील, म्हणजे फळीवर रोज ताजा भुसा पडत असेल, तर ग्रंथ पॉलिथिनमध्ये घट्ट बंद करून उणे 20 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. चोवीस तास तशीच राहू द्या, नाहीतर दव धरते. डांबराच्या गोळ्यांवर विसंबू नका. लाखेचा मुलामा दिलेल्या रंगीत जिल्दी थंडीत तडकू शकतात, त्या फ्रीझरमध्ये घालू नका.

कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात हवेतला दमटपणा 80 टक्क्यांच्या वर जातो आणि 65 च्या पुढे बुरशी जोर धरते. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटून नको. बुरशी दिसली तर ग्रंथ वेगळा करा, सावलीत हवेशीर वाळू द्या आणि कोरडा झाल्यावरच मऊ ब्रशने झाडा. ओली बुरशी पुसली की ती कागदात चोळली जाते. ऊन दाखवू नका.

ठेवायचे आडवे. या ग्रंथांची नावे अनेकदा पानांच्या खालच्या कडेवर लिहिलेली दिसतात, कारण ते फळीवर आडवेच असत. आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या डबीत, पाळी वरच्या पुठ्ठ्याखाली घालून, एकावर एक दोनपेक्षा जास्त नको. वाचताना दोन्ही बाजूंना उश्या द्या; कणा पूर्ण सपाट उघडेल अशी जबरदस्ती करू नका.

शिकायला कुठे जायचे, आणि कायदा

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची अभिलेख-अभ्यास शाखा कागदपत्रांच्या दुरुस्तीचे छोटे अभ्यासक्रम चालवते. लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळा आणि मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कला-संवर्धन केंद्र इथेही चौकशी करा. पाटण्याचे खुदाबख्श आणि रामपूरचे रझा ग्रंथालय हे अरबी-फारसी हस्तलिखितांचे मोठे संग्रह. बांधणीची खास शिकवण मात्र बहुतेक बाहेर आहे : इस्तंबूलच्या मिमार सिनान विद्यापीठात पारंपरिक कलांचा विभाग आहे, इटलीत मोंतेफियास्कोनेला उन्हाळी वर्ग भरतात. लायडन विद्यापीठ आणि डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहातली हस्तलिखिते इंटरनेटवर फुकट बघता येतात. शिराजाचे फोटो मोठे करून टाके मोजा. त्याआधी गावातल्या एखाद्या जुन्या बायंडरकडे महिनाभर बसा. रापी धरायची कशी हे व्हिडिओतून येत नाही.

सरावासाठी खरे हस्तलिखित वापरू नका, कितीही मोडके असले तरी. पुरावशेष कायदा 1972 नुसार ऐतिहासिक, साहित्यिक किंवा कलात्मक महत्त्वाचे 75 वर्षांहून जुने हस्तलिखित हा पुरावशेष ठरतो आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. दर्ग्यातला किंवा मशिदीतला ग्रंथ असेल तर मुतवल्लींची, म्हणजे तिथला कारभार पाहणाऱ्या विश्वस्तांची, लेखी परवानगी घ्या. कुराणाच्या गळलेल्या कपच्यांचे काय करायचे तेही त्यांनाच विचारा, आणि ठरेपर्यंत त्या कचऱ्याच्या डब्याजवळही जाऊ देऊ नका.